फणसाखालचा निळा

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाळीच्या मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या मुकादमाशी भांडत होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिनेच मला पाठवलं होतं. आदल्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात ती पडलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, दोन शब्द बोलली की धाप, आणि या बाईला काळजी कसली, तर आमच्या अंगणातल्या फणसाच्या बुंध्याची. ड्रेनेजची पाइप फुटली म्हणून ब्लॉक उखडले होते आणि आता ते परत बसवायला माणसं येणार होती. "वहिनी, बुंध्याभोवतीची माती उघडी राहू दे. तू स्वतः उभी राहा. नुसतं सांगून आलीस तर ते ऐकायचे नाहीत." एवढं बोलताना तिला मधे मधे थांबावं लागलं. म्हणून मी उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी होते. मुकादम म्हणत होता, मावशी, मधेच माती सोडली तर चिखल होतो, कमिटीवाले मला बोलतात. मी म्हणत होते, कमिटीवाल्यांना माझ्याकडे पाठव, मी बघते. तेवढ्यात मोबाईल वाजला. हॉस्पिटलातली सिस्टर बोलत होती. ती काय बोलली ते सगळं आता आठवत नाही... फोन बंद करून मी मुकादमाला म्हटलं, "माझी नणंद गेली आत्ता. ही माती सोड." त्याने हातातला ब्लॉक खाली ठेवला. माती सुटली. सुमनजवळ मात्र मी नव्हते.

माणसं भेटायला आली. अजूनही एखादं येतं. जिने चढून दमलेली असतात, पाणी पितात आणि विचारतात, "नणंद ना तुमची?" म्हणजे सख्खी बहीण असती तर आणखी थोडं बसले असते. मी हो म्हणते. काय सांगायचं त्यांना? मी गिरगावातली, वडील कारकून, घरात सगळं तोलूनमापून. मोहनशी लग्न केलं आणि लालबागच्या या दोन खोल्यांत आले, तेव्हा घरात सगळे मालवणी ठसक्यात बोलायचे आणि मला वाटायचं भांडण चाललंय. सुमन मोहनची धाकटी बहीण, साधारण माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी तिनेच मला कानात सांगितलं होतं, की वहिनी, घाबरू नको, ही माणसं मिठाचं विचारतायत. तेव्हापासून ती माझी दुभाषी, माझी भांडखोर मैत्रीण. मोहन गेल्यावर तर घरात आम्ही दोघीच. त्यामुळे कोण गेलं असं कुणी विचारलं, की नणंद गेली एवढं सांगून माझं भागत नाही.

ती रसायनशास्त्र शिकली, परळच्या एका कॉलेजात आयुष्यभर तेच शिकवलं. हे खूळ कुठून आलं विचाराल तर सासऱ्यांच्या टाचांतून. सासरे गिरणीत रंगखात्यात होते. संध्याकाळी घरी येऊन पाय धुवायला बसले, की टाचांच्या भेगांतून त्या दिवशीचा रंग निघायचा. लहानपणी सुमन मोरीच्या उंबऱ्यावर बसून ते बघायची. आज लाल, काल हिरवा. पाण्यात सगळे रंग जातात आणि टाचेतले का जात नाहीत, हा तिचा प्रश्न होता. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता, तो टॉवेलांचा. पुढे सुमनला स्थळं आली, गेली, एक जण तर साखरपुड्यापर्यंत आला आणि गेला. सासूबाई त्याचा दोष शेवटपर्यंत केमिस्ट्रीला देत होत्या. सुमन म्हणायची, देऊ दे, तिला बिचारीला दुसरं कुणी सापडत नाही.

अळंब्यांचं वेड मला पहिल्यांदा दिसलं ते माझी गौरी तान्ही असताना. सासूबाई रोज सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या. गावाहून आलेल्या त्या पुडक्यात जायफळ, वेखंड, मुरुडशेंग असायची आणि एक लाकडासारखा टणक तुकडा असायचा, फणसांबा. जुन्या फणसाच्या खोडावर उगवणारी ती अळंबीच. पोराच्या तोंडाला लाळ फार सुटली की उगाळून हिरड्यांना लावायची. त्या दिवशी सहाणेवर पिवळसर तपकिरी गंध जमलं होतं. सुमन कॉलेजातून आली, वाकून बघितलं, आईच्या पानाच्या डब्यातला चुना करंगळीवर घेतला आणि त्या गंधाला लावला. बघता बघता ते काळंभोर झालं. सासूबाई कडाडल्या, "गो, पोराच्या तोंडात घालूचा औषध ता! त्येका काळा कित्याक केलंस?" सुमनला सहाण घासायला मोरीत पिटाळलं. ती घासता घासता मला सांगत होती, की यातल्या पिवळ्या द्रव्याचं नाव हिस्पिडिन. चुन्यासारखं अल्कधर्मी काही भेटलं की ही जात काळवंडते, आणि ती ओळखायची खूणच ही आहे. रानात काही अळंब्या अंधारात उजळतात ना, त्यांचा उजेडसुद्धा याच हिस्पिडिनमध्ये थोडा फेरफार होऊन तयार होतो. मांडीवर गौरी भोकाड पसरून रडत होती. मी म्हटलं, बाई गं, नंतर सांग. ती नंतर सांगत राहिली... जन्मभर.

मला त्यातलं किती कळलं ते देव जाणे. पण काही गोष्टी डोक्यात बसल्या. अळंबीत पानाचा हिरवा नसतो. तिला उन्हात अन्न शिजवायचं नसतं, ती मेलेल्या लाकडावर आयती जेवते. जांभळाचा किंवा कोकमाचा जो रंग, तोही तिच्यात नसतो. तिची रंगशाळाच निराळी. थंड देशांत म्हणे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली एक अळंबी असते, तिचा लाल बिटाच्या रंगाच्या नात्यातला. हे सांगताना सुमनला एवढा आनंद व्हायचा, की जणू दोन दुरावलेल्या घराण्यांची सोयरीक तिनेच शोधून काढलीय. आमच्या नशिबी मात्र थंड देश नव्हते, चाळीचे सामाईक संडास होते. तिथल्या कुजक्या चौकटीवर पावसाळ्यात केशरी कानासारख्या अळंब्या धरायच्या. सुमन चाकू घेऊन जायची आणि बादल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर त्या खरवडून आणायची. लोक मला विचारायचे, प्रोफेसरबाई काय करतात हो तिकडे? मी सांगायचे, सिनाबारिन काढतात. त्या केशरी रंगाचं नाव एवढं भारदस्त, की पुढे कुणी विचारायचं नाही.

मग ते केशरी कान कुटायचे, भिजवायचे, उकळायचे, तुरटी घालून लोकरीच्या लडी त्यात सोडायच्या. घरभर ओल्या लाकडाचा वास. एकदा तिने माझं खिरीचं पातेलं घेतलं आणि मी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी तिने दादरहून स्वतःचं पातेलं आणलं, त्याच्या कडीला लाल दोरा बांधला आणि सासूबाईंसमोर जाहीर केलं, की हे पातेलं स्वयंपाकाला कुणी घेतलं तर जबाबदारी माझी नाही. विषारी कुठली आणि खायची कुठली, ते रंगावरून कधीच ठरवू नका, हे ती चाळीतल्या प्रत्येकाला सांगायची. स्वतः तर बाजारातलीही खायची नाही. सुकलेल्या लडी खिडकीच्या दांडीवर टांगून ठेवायची. फिके, मऊ रंग. मला सुरुवातीला ते उदास वाटायचे. मी म्हणायचे, एवढा खटाटोप करून हे मळकट सूत? ती हसायची आणि म्हणायची, थांब, तुझे डोळे तयार व्हायला वेळ लागेल.

डोळे तिचेच आधी गेले. मोहनला जाऊन थोडे महिने झाले होते. गौरीच्या सासरी कार्य होतं, म्हणून आम्ही दादरला साडी घ्यायला गेलो होतो. मला खरं तर काही घ्यायचं नव्हतं. मी त्या दिवसांत बोलतही नसे, उठायचं, स्वयंपाक करायचा, बसून राहायचं. सुमननेच ओढून नेलं. दुकानात तिने एका साडीवर हात ठेवला आणि म्हणाली, हा शेवाळी छान आहे, घे. साडी विटकरी होती. मला वाटलं, मला हसवायला म्हणतेय. मी हसलेही. मग तिचा चेहरा बघितला. आता मी गिरगावची, माझ्या आईने मला एक गोष्ट शिकवलीय, की दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग कधी ठरवायचा नाही, साडी उचलायची आणि दारात उजेडात जाऊन बघायची. दादरचे दुकानदारही ओळखून असतात, अडवत नाहीत. मी एका हातात साडी घेतली, दुसऱ्या हाताने सुमनला धरलं आणि दारात आले. रस्त्यावर चांगलं लख्ख ऊन होतं. तिने साडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मान तिरकी करून बघितली.

"उन्हातही तसाच दिसतोय गं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं पुसट होईल. सुमनने मला घरी येऊन ते शिकवल्यासारखं समजावलं. रंग ओळखणाऱ्या पेशी मधोमध दाटीने असतात आणि नेमक्या त्याच चालल्यात. जन्मभर जिने रंगांशिवाय दुसरं काही बघितलं नाही, तिचे रंगच आधी जावेत... मला देवाचा इतका राग आला, की मी त्या दिवशी दिवा लावला नाही. ती मात्र रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर तिने अळंबीचे तुकडे मांडले, चुन्याची निवळी, लिंबाचा रस, लोखंडाचं पाणी असे ड्रॉपर ठेवले आणि मला हाक मारली. "वहिनी, ये. आता रंग तू सांगायचा."

मी म्हटलं, मला कुठे काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, तुला साड्यांतलं कळतं, तेवढं पुष्कळ झालं. आणि झालंही. ती थेंब टाकायची, मी सांगायचे. सुरुवातीला मी छान आहे, बरा आहे असलं काहीतरी सांगायचे, तर ती ओरडायची, की छान हा रंग नव्हे. मग मी नेटाने बघायला लागले. बदामी. श्रीखंडी. हा वांगी, पण कोवळ्या वांग्याचा. हा आमसुली, पण आमसूल भिजवून पिळून झाल्यावर उरतं ना, तो. ती पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून लडीला बांधायची. तिची एक जुनी विद्यार्थिनी, मृणाल, आता मोठ्या प्रयोगशाळेत असते, ती येऊन नमुने घेऊन जायची आणि यंत्रातून त्यांचे आकडे आणून द्यायची. सुमनला आकडा हवाच असायचा, पण आकड्याशेजारी माझा शब्दही ती लिहायला लावायची. म्हणायची, आकडा यंत्राला कळतो, लालबागमध्ये शब्द लागतो. मुंबईतल्या अळंब्यांचे रंग, त्यांची रसायनं आणि घरात बोलतो ते त्यांचे शब्द, असं एक नीट टिपण तिला करायचं होतं. मला विचाराल तर त्या दुपारी नसत्या तर मी बोलायचं विसरले असते. मोहन गेल्यावर पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला, तो "श्रीखंडी" म्हणताना.

एकच रंग तिच्या टिपणात राहिला होता आणि तिला तोच सगळ्यांत जास्त हवा होता. आमच्या फणसाखाली पावसाळ्यात एक ठेंगणी, जाडजूड अळंबी उगवते. छत्रीखाली नेहमीच्या पडद्यांऐवजी स्पंजासारखी बारीक भोकं. आतला गर पिवळा. पण कापला की हवा लागताच तो निळा होतो, आणि फार वेळ टिकत नाही, मळकट होऊन जातो. सुमनने मला सांगितलं होतं, की गरात एक पिवळं आम्ल असतं आणि ते निळं करणारं विकरही, म्हणजे एन्झाइमही, तिथेच असतं, पण अळंबी अखंड आहे तोवर दोघं आपापल्या जागी. सुरी फिरली, प्राणवायू आत गेला, की काम सुरू. निळा होतो आणि काम तिथे थांबत नाही, म्हणून निळाही राहत नाही. बाकीचे रंग सुतावर राहिले, बाटलीत राहिले. हा सुतावर बसत नाही. मृणाल प्रयोगशाळेत नेईपर्यंत अळंबी शिळी होते आणि मग कापली तरी नुसती पिवळीच राहते. तो फक्त ताज्या कापावर बघायचा आणि बघणाऱ्याने सांगायचा. तरुणपणी सुमनने तो अनेकदा बघितला होता, पण तेव्हा कशाला कुणी शब्द शोधतंय? तेव्हा निळा म्हणजे निळा होता. आता तिला तो आठवून आठवून धूसर झाला होता. म्हणायची, वहिनी, तू सांगितलास तर मला तो परत दिसेल.

डोळे गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ती अळंबी उगवली. एकुलती एक, जरा जून, किड्यांनी पोखरलेली. सुमनने टेबलावर कापली आणि म्हणाली, बघ. मी बघितलं, काहीतरी निळसर येतंय असं वाटलं, आणि... काय सांगू तुम्हाला. हात आपोआप गेला. मी तो तुकडा उचलला आणि लगबगीने गॅलरीत उजेडात घेऊन गेले. आईची शिकवण अंगात भिनलेली. गॅलरीत शेजारणीने चादर वाळत घातली होती, ती बाजूला केली, तुकडा उन्हात धरला, तर रंग गेलेला. मळकट हिरवट काहीतरी हातात. आतून सुमन विचारत होती, काय दिसतंय, काय दिसतंय. मी म्हटलं, थांब, नीट उजेडात बघू दे. ती टेबलापाशी डोकं धरून बसली आणि मग इतकी हसली, की तिला ठसका लागला. म्हणाली, अगं बये, ही साडी नाही, ही थांबत नाही कुणासाठी. पुन्हा कापून बघितली, पण किडीमुळे गर असा राहिलाच नव्हता. ठरलं, पुढच्या वर्षी. मी उठायचं नाही, हात टेबलावर ठेवून बसायचं, हेही ठरलं.

पुढच्या वर्षी पावसाच्या आधी कमिटीने अंगण सुधारायला घेतलं. आम्ही दोघी तेव्हा गौरीकडे बंगळूरला होतो. परत आलो तर फणसाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. स्वच्छ, चकचकीत, लाल-करडे. सगळे खूश. सुमन खाली जाऊन त्या ब्लॉकवर उभी राहिली, चपलेने फटी चाचपत. कमिटीच्या लोकांना तिने काही म्हटलं नाही. म्हणाली, लोकांना घसरायला होत नाही आता, तेही बरंच आहे. तो पावसाळा कोरडा गेला, म्हणजे पाणी पडलं, पण आमच्या फणसाखाली काही आलं नाही. परळच्या बागेत, दादरच्या एका शाळेच्या मागे, जिथे तिथे आम्ही दोघी छत्र्या घेऊन वाकून फिरलो. लोकांना वाटायचं बायकांचं काहीतरी हरवलंय. तिचा हात माझ्या कोपराला, मी सांगायचे, इथे पायरी आहे, इथे पाणी आहे. बाकी खूप काही सापडलं, हा निळा नाही सापडला. हिवाळ्यात तिचं हृदय कुरकुर करायला लागलं. मे महिन्यात पाइप फुटली, ब्लॉक निघाले, खालची काळी माती दिसली. मी तिला जाऊन सांगितलं तेव्हा ती हॉस्पिटलात होती आणि तिचा चेहरा असा काही फुलला, की शेजारच्या कॉटवरच्या बाईने विचारलं, घरी सोडतायत का आज?

सोडलं नाही.

दिवस झाले, नातलग आपापल्या घरी गेले. गौरी म्हणाली, आई, चल माझ्याकडे, एकटी काय करशील? तिचं बरोबर आहे. पण मी म्हटलं, पाऊस संपला की बघू. तिला वाटलं, विमानाला उशीर होतो म्हणून. घरात आता दुपार फार मोठी झालीय. मी टीव्ही लावते, बंद करते. भाजी चिरताना भोपळ्याची फोड हातात घेऊन मनात म्हणते, हा केशरी नाही, हा पिकल्या पपईच्या सालीजवळचा आहे, आणि मग लक्षात येतं, की हे ऐकायला घरात कुणी नाही. रंग दिसला आणि कुणाला सांगायचा नसला, तर त्याचं करायचं काय माणसाने? कधीकधी वाटतं, डोळे मिटून बसावं. मृणाल भेटायला आली होती. सुमनच्या चिठ्ठ्या आणि लडी तिने नीट बांधून नेल्या. टिपण ती पुरं करणार आहे. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, काकू, निळ्याची जागा मी मोकळी ठेवते. मी मान हलवली.

आषाढ निम्मा सरला तरी मातीत काही नव्हतं. मी रोज जाऊन बघायचे. मुकादमाने सोडलेला तो मातीचा गोल, चाळीतली माणसं त्यात गुटख्याची पाकिटं टाकायची, मी ती उचलायचे. माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे, बोलू देत. परवा दुपारी गेले, तर बुंध्याच्या समुद्राकडच्या बाजूला माती उचकटलेली. जवळ जाऊन बघितलं. ती होती. ठेंगणी, गुबगुबीत, एकही भोक नाही, मूठभर. मी दोन्ही हातांनी अलगद काढली आणि पदरात धरून वर आले. शेजारीण म्हणाली, काय आणलंत? मी तशीच घरात शिरले. बोलले असते तर रडले असते.

टेबल पुसलं. सुरी धुतली. खुर्चीवर बसले, हात टेबलावर ठेवले. पहिला काप घेतला आणि बघायला गेले, तर डोळ्यांत पाणी. काही दिसेना. पदराने डोळे पुसले, तोवर निळा येऊन गेलेला. स्वतःवरच चिडले. दुसरा काप घेतला, पुन्हा तेच. सुमनच्या भाषेत सांगायचं, तर काम सुरू झालं आणि पुढे निघून गेलं, आणि मी आपली नाक ओढत बसलेली. अशी मी ती अळंबी काकडीसारखी कापत गेले, फोडीमागून फोड, आणि प्रत्येक फोड माझ्या डोळ्यांदेखत निळी होऊन गेली आणि मला नीट दिसली नाही. ताटलीत सगळ्या मळकट फोडींचा ढीग. शेवटचा तुकडा उरला तेव्हा सुरी खाली ठेवली. मोरीत जाऊन तोंड धुतलं, पाणी प्यायले. परत येऊन बसले. सुरी घेतली, कापला, आणि उठले नाही.

आधी पिवळा. मग कडेकडेने तो चढायला लागला. चिंतामणी नाही. मोरपंखी नाही. कुठल्याही साडीत नाही तो. आमच्या गिरगावच्या घरी पांढऱ्या धोतरांना नीळ द्यायचे, त्या बादलीतल्या शेवटच्या पाण्याचा. आणि त्या पाण्यात कुणी स्वयंपाकघरातून तसाच आलेला हळदीचा हात बुडवावा, तर पाण्याखाली तो हात जसा दिसेल, तसा. अगदी तसा. मी ते मोठ्याने बोलले. आधी घाईघाईत, मग पुन्हा एकदा, सावकाश, तिला लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. खिडकीखाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. मृणालला मी उद्या-परवा फोन करीन, ती मोकळी जागा भरून टाकेल. पण त्या घटकेला मला मृणाल नको होती, कुणी नको होतं. मला सुमनचा भयंकर राग आला होता. एवढी वर्षं थांबलीस, दोन पावसाळे थांबलीस, मला भर उन्हात मुकादमाच्या पुढ्यात उभी केलीस... अजून थोडे दिवस थांबायला काय झालं होतं गं तुला?